नवऱ्याला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. कायदेशीर पालकत्व कुणी घेतलंय का?

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे ७२ चे. खासगी कंपनीत होते त्यामुळे पेन्शन नावालाच, जे काय आहे ते पीएफ ग्रॅच्युइटीचं आणि ते ह्यांनी अगदी शिस्तीत एफडी आणि म्युच्युअल फंडात टाकलेलं, सगळं स्वतःच्या एकट्याच्या नावावर आणि मला नॉमिनी करून. फ्लॅट (ठाण्यात) तेवढा दोघांच्या नावावर आहे. अल्झायमरचं (डिमेन्शियाचाच एक प्रकार) निदान होऊन चार वर्षं झाली. सुरुवातीला सही करायचे, मग सही वाकडी व्हायला लागली, आता पेन हातात दिलं तर टोपण काढतात, लावतात, परत काढतात. मुलीला कधी ओळखतात कधी नाही. मला ओळखतात पण नाव येत नाही.

रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोची दोन माणसं आहेत, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, डायपर, औषधं, फिजिओ, हे सगळं आत्तापर्यंत माझ्या बचतीतून चाललंय आणि ती आता तळाला आलीय. म्हणून एक एफडी मोडायला बँकेत गेले. तिथला मॅनेजर पोरगा चांगला आहे हो, चहा दिला, पण म्हणाला काकू ते हयात आहेत तोवर नॉमिनी म्हणून तुम्हाला एक रुपया देता येत नाही आणि त्यांची सही जुळत नाही, तुम्ही कोर्टातून गार्डियनशिपची ऑर्डर आणा. ४४ वर्षं संसार केला आणि आता ह्यांची बायको आहे हे पुरेसं नाही!

मुलगा कॅनडात, मुलगी नाशिकला, दोघांची काही हरकत नाही. दीर कराडजवळ गावी असतात, तिकडे सामायिक जमीन आहे. त्यांचं म्हणणं वहिनी एवढं कशाला कोर्टात जाता, दादाचा अंगठा घेऊ आणि वाटणीपत्र पण त्यातच उरकून टाकू. मला ते काही बरं वाटेना.

कुणी हे पालकत्व घेतलंय का? कुठल्या कोर्टात, काय कागद लागतात, खर्च वेळ किती, सगळं सांगा.

पम्या_डोंबिवली

काकू कोर्टाच्या नादी लागू नका. अंगठ्याची सोय आहे बँकेत. आमच्या आजोबांचं असंच केलं होतं, बँकेचा माणूस घरी आला, अंगठा घेतला, पैसे मिळाले. नेट बँकिंगचा पासवर्ड असेल तर तेही नको, मोबाईल तुमच्याकडेच आहे ना?

वकीलीणबाई

पम्या, तुझ्या आजोबांना काय झालं होतं ते सांग आधी.

पम्या_डोंबिवली

पॅरालिसिस. उजवा हात गेला होता.

वकीलीणबाई

हं. म्हणजे डोकं शाबूत होतं. रिझर्व्ह बँकेने जी अंगठ्याची सोय दिलीय ती अशा आजारी किंवा हात न चालणाऱ्या खातेदारांसाठी आहे, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण खातेदाराला आपण कशावर अंगठा देतोय ते कळत असलं पाहिजे. ज्याला कळतच नाही त्याचा हात धरून शाई लावणं ही संमती नव्हे आणि उद्या कुणी तक्रार केली तर तो बँकवाला पण अडकतो आणि काकू पण.

जाईजुई ताई, आता तुमच्यासाठी नीट लिहिते, मोबाईलवर टाइप करतेय.

दिरांना आत्ताच स्पष्ट नाही म्हणा. करार करायला माणूस सुबुद्ध असावा लागतो, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२. वाटणीपत्र रजिस्टर करायला गेलात आणि दुय्यम निबंधकाला दिसलं की ह्या माणसाला काही उमगत नाहीये तर रजिस्ट्रेशन ॲक्टच्या कलम ३५ प्रमाणे त्याने नकारच द्यायचा असतो. समजा नाही दिसलं आणि झालं रजिस्टर, तरी तो दस्त पुढे टिकणार नाही, आणि त्यावर चार वर्षं आधीचं अल्झायमरचं निदान तुमच्याच फाइलमध्ये आहे.

कुणीतरी आता कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) सुचवेलच म्हणून आधीच सांगते, उपयोग नाही. आज नवीन करता येत नाही कारण ह्यांना कळत नाही, आणि पूर्वी केलेलं असतं तरी माणसाची बुद्धी गेली की ते संपतं, त्याच कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २०१. परदेशात असतं तसं बुद्धी गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. लोक वापरतात सर्रास, बँकेला कळत नाही तोवर चालतं, एवढंच.

राहिलं पालकत्व. इथे आपल्या कायद्यात खरंच मोठं भगदाड आहे. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट फक्त अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलांसाठी. १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टमध्ये जिल्हा न्यायालयाला अशा माणसाच्या मिळकतीसाठी मॅनेजर नेमता यायचा, एक पूर्ण प्रकरण होतं त्यावर. तो कायदा जाऊन २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट आला आणि त्यात मिळकतीचा तो भागच नाही. नव्या कायद्यात नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह आहे पण तो उपचारांच्या निर्णयापुरता, एफडीला हात लावता येत नाही त्याला. म्हणून मग हायकोर्ट. मुंबई हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली रिट करतात, किंवा हायकोर्टाच्या १८६५ च्या लेटर्स पेटंटमधल्या (हायकोर्टाला अधिकार देणारी सनद) क्लॉज १७ खाली पिटिशन. ज्याचं बघणारं कुणी नाही त्याचं कोर्टाने पालक होऊन बघायचं हे त्यामागचं तत्त्व. २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने शोभा गोपालकृष्णन केसमध्ये कोमातल्या रुग्णांसाठी नियमावली घालून दिली आणि २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने रजनी शर्मा केसमध्ये कोमात असलेल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमलं. तुमचा वकील हे दोन निकाल जोडेलच, नाही जोडले तर वकील बदला :)

जाईजुई

वकीलीणबाई किती आभार मानू. एका ओळखीच्यांनी सांगितलं की कलेक्टर ऑफिसला एक समिती असते ती पालकत्व देते, कोर्टात जावंच लागत नाही. ते काय आहे?

मंदार_सातारकर

ती लोकल लेव्हल कमिटी. माझ्या भाचीसाठी घेतलंय तिथून, ती गतिमंद आहे. ही समिती नॅशनल ट्रस्ट ॲक्ट १९९९ खाली चालते आणि त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढंच येतं. डिमेन्शिया नाही. लोक तिकडे पाठवतात, फॉर्म भरतात, मग परत येतात. तुम्ही नका जाऊ.

विदर्भकन्या

अपंग हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयात मर्यादित पालकत्व मिळतं असं वाचलंय. मुंबईच कशाला मग?

वकीलीणबाई

मिळू शकतं, अर्ज होतात. पण ते मुळात 'दोघांनी मिळून निर्णय' अशा धर्तीचं आहे, पालक आणि ती व्यक्ती एकमेकांच्या विश्वासाने ठरवणार. गरज असेल तर पूर्ण आधार देण्याची सोय त्यात आहे हे खरं. माझं मत विचाराल तर मोठी एफडी, फंड, सामायिक जमीन असं सगळं असेल आणि बँकेच्या लीगल डिपार्टमेंटला तोंड द्यायचं असेल तर हायकोर्टाची ऑर्डर हातात असलेली बरी. माझ्याशी सहमत नसणारे वकील आहेत, इथेही असतील, त्यांनी लिहावं.

आणि ठाण्याला मुंबईच. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून चालू झालंय पण ते कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी. ह्यांची जमीन साताऱ्यात असली तरी राहणं ठाण्यात आहे.

अनघा_के

आम्ही गेलोय ह्यातून, आईसाठी. बाबा अर्जदार होते. जे झालं ते लिहिते, प्रत्येकाचं थोडं वेगळं असेल.

सगळ्यात आधी डॉक्टरांचे कागद. न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टचं सर्टिफिकेट, आणि नुसतं 'डिमेन्शिया आहे' असं दोन ओळींचं नाही चालत. कधीपासून, कुठली स्टेज, एमआरआय काय म्हणतो, एमएमएसई (स्मरणशक्ती वगैरे तपासणारी चाचणी) स्कोअर ३० पैकी किती, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या पैशाचा मिळकतीचा निर्णय ह्या व्यक्तीला घेता येत नाही आणि सुधारणा होण्याची शक्यता नाही, हे स्पष्ट शब्दात लागतं. आमच्या पहिल्या सर्टिफिकेटमध्ये हे शेवटचं वाक्य नव्हतं, परत घ्यावं लागलं.

मग मिळकतीची यादी. प्रत्येक एफडीचा नंबर, रक्कम, शाखा, फोलिओ नंबर, डीमॅट, लॉकर, विमा, फ्लॅट, गाडी पण. हे ढोबळ लिहू नका, कारण ऑर्डर यादीवर निघते आणि यादीत जे नाही त्याला बँक हात लावू देत नाही. बाबांनी आईच्या कपाटातलं एक जुनं पोस्टाचं सर्टिफिकेट ऐनवेळी शोधून काढलं ते बरं झालं.

मग बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. मी इथेच होते, भावाचं दुबईहून तिथल्या आपल्या वकिलातीतून साक्षांकित करून आलं. तुमच्या मुलाला कॅनडात तेच करावं लागेल, त्याला आजच अपॉइंटमेंट बघायला सांगा. महिन्याचा खर्च किती होतो त्याचा तक्ता, ब्युरोची बिलं, केमिस्टची बिलं जोडली. कोर्टाला बघायचं असतं की पैसा कशासाठी हवाय.

कोर्टाने आमच्या केसमध्ये जेजे हॉस्पिटलच्या डीनना डॉक्टरांचं बोर्ड नेमून तपासायला सांगितलं. आईला तिथे नेणं हा एक वेगळाच अध्याय, ती वाटेत सारखी विचारत होती लग्न कुणाचं आहे. पेशंट हलवण्यासारखा नसेल तर घरी येऊन तपासा अशी विनंती अर्जातच करून ठेवा.

डॉ_निशिगंध

मी सायकियाट्रिस्ट, वृद्धांचंच काम जास्त. थोडं वेगळं बोलतो, रागावू नका कुणी. क्षमता ही सगळी किंवा काहीच नाही अशी नसते. ज्या पेशंटला एफडी म्हणजे काय ते सांगता येत नाही त्याला आज पोहे हवेत की उपमा, ह्या ब्युरोवाल्याने अंघोळ घातलेली चालते की नाही, कुणाकडे जायचंय, हे पुष्कळदा नीट सांगता येतं. ऑर्डर हातात आली की घरातले नकळत सगळंच ठरवायला लागतात, मी बघितलंय, त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पिटिशनमध्ये मिळकत, बँक, कर, उपचार असे विषय नावानिशी मागा आणि बाकीचं त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या. २०१६ च्या कायद्याचं मर्यादित पालकत्व नेमकं ह्यासाठी आणलं होतं.

सर्टिफिकेट मागायला येताना मला आधी सांगा कशासाठी हवंय ते, म्हणजे त्या मुद्द्यांवर तपासतो. निघता निघता 'डॉक्टर एक सर्टिफिकेट द्या ना' असं नको.

पम्या_डोंबिवली

डॉक्टर पटलं. पण मग नेट बँकिंगचं कुणी बोलतच नाहीये. घरोघरी चालतं हे. बायको नवऱ्याचा ओटीपी वापरते, कुणाला काय कळतंय?

अनघा_के

चालतं, आम्हीही लाइटबिल भरायचो तसं. पण एकदा बँकेला लेखी कळलं की खातेदाराला डिमेन्शिया आहे, की मग ते खातं गोठवू पण शकतात. जाईजुईताईंच्या मॅनेजरला आता माहिती आहे. आणि ज्या घरात वाटणीवरून आधीच कुजबुज आहे तिथे ओटीपीने लाखोंची एफडी मोडली तर उद्या दीर विचारणार वहिनी पैसे गेले कुठे.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या काकांसाठी काकूंनी गार्डियनशिप घेतली. दोन डॉक्टरांची सर्टिफिकेट्स, आणि कोर्ट पेशंटच्या बाजूने स्वतंत्र वकील नेमतं, तो पेशंटला येऊन भेटतो, हे मला आवडलं. पण ती ऑर्डर त्यांच्या पुण्यातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीला दाखवली तर बँक म्हणाली भारतातल्या कोर्टाची आणा. म्हणजे दोन्हीकडे वकील. ज्यांचे आईवडील इकडे ये-जा करतात त्यांनी हे लक्षात ठेवा.

शांताराम_६४

हा धागा वाचून झोप उडाली. मला गेल्या महिन्यात सुरुवातीचा अल्झायमर सांगितलाय. मी अजून सगळं करतोय, हे टाइप पण मीच करतोय, हिशेब थोडे चुकतात. बायकोला हे कोर्ट-कचेरी नको असेल तर मी आत्ता काय करून ठेवू?

वकीलीणबाई

शांतारामकाका, तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. सुरुवातीचं निदान म्हणजे लगेच तुमची सही बाद असं नसतं, व्यवहार करताना त्या वेळी कळत होतं ना एवढं कायदा बघतो. म्हणून डॉक्टरांकडून त्याच आठवड्याचं क्षमतेचं सर्टिफिकेट घेऊन पुढचं करा.

बचत खाती, एफडी, फंड सगळीकडे काकूंना जॉइंट होल्डर करा, नुसतं नॉमिनी नाही. पद्धत 'आयदर ऑर सर्व्हायवर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो. पण इथे एक खाच आहे जी बँक स्वतःहून सांगत नाही. अशी एफडी मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते, मुदतीआधी मोडायला मात्र दोघांच्याही सह्या मागतात. म्हणून मोठी एक एफडी करण्यापेक्षा लहान लहान, वेगवेगळ्या महिन्यात संपणाऱ्या करा आणि ऑटो रिन्यूअल बंद ठेवा. म्हणजे दर थोड्या दिवसांनी काहीतरी काकूंच्या हातात येत राहील.

फंडांच्या नॉमिनीला खातं चालवायचा अधिकार देण्याची जी सोय सेबीने २०२५ च्या परिपत्रकात आणली त्यावर विसंबू नका, ती शरीराने अडलेल्या पण करार करण्याइतकी बुद्धी शाबूत असलेल्यासाठी आहे. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार, त्यातले एक तुमचे डॉक्टर असले तर उत्तम. २०१७ च्या कायद्याखाली काकूंना नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह नेमा, साध्या कागदावर सही करून होतं. लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) करायचं मनात असेल तर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते सोपं केलंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

डॉ_निशिगंध

शांतारामकाका, आणि हे सगळं एका दिवसात नका करू. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा एकेक. रात्री त्रास झाला, घाबरायला झालं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

शांताराम_६४

बँकेचे फॉर्म उद्याच आणतो. बायकोने धाग्याची प्रिंट काढलीय.

मंदार_सातारकर

धागा वर काढतोय. जाईजुईताई, काय झालं पुढे?

जाईजुई

सगळ्यांना नमस्कार, उशिरा येतेय. पावसाळ्यात अर्ज टाकला होता, ऑर्डर दिवाळीनंतर हातात आली. मेडिकल बोर्ड झालं. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं आज वार कोणता, तर हे म्हणाले तुम्हालाच माहीत नाही होय! सगळे हसले, मीही.

दिरांनी आधी नोटीस वगैरे म्हटलं, मग माझ्या वकिलांनी त्यांना समजावलं की पालकत्व मिळालं तरी गावच्या जमिनीला मी कोर्टाला न विचारता हात लावू शकत नाही, तेव्हा गप्प झाले. खरंच तसंच आहे. ऑर्डरमध्ये एफडी आणि फंडातून ह्यांच्या औषधपाण्याला घरखर्चाला पैसे काढता येतात, पण फ्लॅट किंवा जमीन विकायची तर परत कोर्टाची परवानगी. हिशेब ठेवायचा आणि ठरलेल्या मुदतीने दाखल करायचा, विधी सेवा प्राधिकरणाकडून लक्ष ठेवणार आहेत. आधी जरा राग आला होता ह्याचा, ह्यांचे पैसे ह्यांच्यावर खर्चायचे आणि पावत्या दाखवायच्या मी, पण आता वही घातलीय, ब्युरोच्या पोरांकडून पण सही घेते.

बँकेने ऑर्डरची सर्टिफाइड प्रत घेऊन वरच्या लीगलकडे पाठवली, त्यालाही वेळ गेला. ज्यांना करायचंय त्यांनी सर्टिफाइड प्रती एकदमच जास्त काढून घ्या, प्रत्येक फंडवाल्याला वेगळी लागते. आता एक उरलंय. ह्यांचा इन्कम टॅक्स रिटर्न. पूर्वी ओटीपीवर सीए भरायचे. आता ऑर्डर आहे तर कसं करायचं?

सीए_गोगटे_नव्हे

काकू आता तुम्ही त्यांच्या रिप्रेझेंटेटिव्ह ॲसेसी, म्हणजे कराच्या कामात त्यांच्या वतीने वागणाऱ्या. इ-फायलिंग पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या पॅनने लॉगिन करा, ऑथोराइज्ड पार्टनर्समध्ये जाऊन रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह, तिथे मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीचा पर्याय आहे. त्यांचं पॅन, तुमचं पॅन आणि कोर्टाची ऑर्डर अपलोड करायची. खात्याने मंजूर केलं की तुमच्याच लॉगिनमधून त्यांचा रिटर्न भरता येतो. उत्पन्न त्यांचंच दाखवायचं, तुमच्या रिटर्नमध्ये मिसळायचं नाही. ऑर्डर स्कॅन करताना पानं सरळ येऊ द्या आणि फाइल लहान ठेवा, नाहीतर पोर्टल घेत नाही. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.